सासऱ्यांचं रेडिओ स्टेशन आणि सुनेची सही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, लग्न होऊन अमेरिकेत गेल्याला २२ वर्षं झाली. नवरा तिकडचाच, मिडवेस्टमधल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावातला. त्याच्या आजोबांनी १९५० च्या दशकात तिथे एक एएम (आपण ज्याला मिडियम वेव्ह म्हणतो ते) रेडिओ स्टेशन काढलं, दिवसा १००० वॅट आणि सूर्य मावळला की नावापुरतं. पुढे ते सासऱ्यांनी चालवलं, चार वर्षांपूर्वी ते गेले. आता नवरा शाळेत शिकवतो आणि शुक्रवारी शाळेच्या फुटबॉलची कॉमेंट्री करतो, ८१ वर्षांच्या सासूबाई रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गावातल्या निधनवार्ता वाचतात, आणि जाहिरातींचं वेळापत्रक, बिलं, हिशोब सगळं ताईंकडे. सहा वर्षं स्टेशन तोट्यात आहे, तूट दोघांच्या रिटायरमेंटच्या पैशातून भरली जातेय. टॉवरखालची जमीन सासूबाईंच्या नावावर, तिचं भाडं स्टेशनकडून त्यांना दरमहा जायचं. गेली तीन वर्षं तो चेक ताई स्वतःच्या खात्यातून देतात आणि सासूबाईंना हे माहीत नाही. दोन गिऱ्हाइकं आलीयत. एका धार्मिक रेडिओ नेटवर्कला लायसन्स आणि सामान हवंय, एका गोदामवाल्या कंपनीला जमीन हवीय. नणंदेचा एक तृतीयांश हिस्सा आहे, ती दुसऱ्या राज्यात राहते आणि म्हणते डॅडचं स्टेशन विकायचं नाही. नवरा काहीच बोलत नाही. ताईंचा प्रश्न असा: "मी बाहेरून आलेली, त्यात देशाबाहेरून. तीन पिढ्यांचं स्टेशन माझ्या आकडेमोडीने बंद झालं असं गाव म्हणेल. मला हा अधिकार आहे का? विकू, बंद करू, की सासूबाई आहेत तोवर ओढत राहू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी तुम्हाला एक वही दिली होती, त्यात गावातली सगळी आडनावं होती, जर्मन, चेक, नॉर्वेजियन, आणि प्रत्येकाच्या पुढे ते कसं उच्चारायचं ते. कारण निधनवार्तेत माणसाचं नाव चुकलं तर घरच्यांना ते आयुष्यभर लागतं. आणि मग तुम्ही त्या वहीत तुमच्यासाठी देवनागरीत उच्चार लिहून काढले. सासूबाई आजारी असल्या की तुम्हीच वाचता. आता मला सांगा, ज्या बाईला आख्ख्या गावाची आडनावं घरच्यांना लागेल अशी चूक न करता म्हणता येतात, गावात कोण गेलं हे जिच्या आवाजात गावाला कळतं, ती बाहेरची कशी? तुम्ही तिकडे किती वर्षं काढलीत याचा हिशोब मी करतच नाहीये, मी त्या वहीबद्दल बोलतेय.

"बाहेरची" हा शब्द मला वाटतं तुम्ही दुसऱ्याच कामासाठी वापरताय. तुम्हाला भीती अशी की ही बातमी तुमच्या तोंडून गेली तर दोष तुमच्याकडे येईल, आणि ती भीती खरी आहे, हिशोब ज्याच्या हातात असतो त्याच्याच नावाने वाईट बातमी ओळखली जाते, हे आपल्याकडच्या घरांत पण होतं, वाटणीचा कागद ज्या सुनेने वाचून दाखवला तिनेच घर मोडलं असं पुढची चाळीस वर्षं बोललं जातं. पण भीती खरी असणं वेगळं आणि दोष खरा असणं वेगळं.

दोषाचं आधी बोलून टाकू कारण ते लवकर संपतं. अमेरिकेत १९९६ साली दूरसंचाराचा नवा कायदा आला, त्याआधी एका कंपनीकडे देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ स्टेशनं ठेवता यायची, २० एएम आणि २० एफएम, ती मर्यादाच काढून टाकली. काही वर्षांत एका कंपनीकडे १२०० च्या वर स्टेशनं झाली. मग २०१७ मध्ये, स्टेशनचा मुख्य स्टुडिओ त्या भागातच असला पाहिजे हा जवळपास ८० वर्षांचा नियम पण गेला, म्हणजे शेकडो मैलांवरून एकच माणूस दहा गावांची सकाळ "लोकल" म्हणून करू शकतो. त्यात भर म्हणजे गावातलं हार्डवेअरचं दुकान, गाड्यांचा डीलर, गावची बँक हे सगळे तुमचे जाहिरातदार एकेक करून बंद झाले किंवा मोठ्यांत विलीन झाले, उरलेले पैसे फोनवरच्या जाहिरातींकडे गेले. एएमचं तर अजून एक, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरमुळे एएमवर खरखर येते म्हणून काही गाड्यांमधून एएमच काढून टाकलं गेलं. आणि ती १२०० स्टेशनवाली कंपनी, पुढे तिचं नाव आयहार्टमीडिया झालं, तिने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्यावर कर्जाचा डोंगर होता, ते कारण वेगळं आहे, मान्य. पण एवढं सगळं फिरत असताना तुमच्या एका एक्सेल शीटने स्टेशन बुडवलं हे मी मानायला तयार नाही. तुम्ही फक्त ते पाहिलंत, बाकीच्यांनी बघायचं टाळलं.

आता त्या चेकबद्दल.

ताई, हे मला जरा स्पष्ट लिहायला लागेल, रागवू नका. तुम्ही तीन वर्षं सासूबाईंना भाड्याचा चेक स्वतःच्या पैशातून देताय आणि त्यांना वाटतंय स्टेशन त्यांचं भाडं देतंय. तुम्ही हे मायेने केलंत, त्यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम बघा, जमीन त्यांची, टॉवर त्यांच्या जमिनीवर, गोदामवाल्याला विकायची की नाही हे कायद्याने फक्त त्याच ठरवू शकतात, आणि नेमक्या त्यांनाच खरा आकडा माहीत नाही. म्हणजे ज्या एका माणसाचा होकार-नकार सगळ्यात जास्त मोलाचा आहे त्या माणसाला तुम्ही निर्णयातून बाहेर ठेवलंय आणि वर स्वतःलाच विचारताय की "मला अधिकार आहे का". उलटं आहे हे. अधिकार त्यांचा आहे आणि तो वापरायला त्यांना खरे आकडे लागणार.

"त्यांना सहन होणार नाही" असं तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. ही बाई गेली कित्येक वर्षं रोज सकाळी मेलेल्या माणसांची नावं वाचते, ओळखीच्या, बरोबर शिकलेल्या, शेजारच्या. स्वतःच्या नवऱ्याची बातमी पण त्यांनीच वाचली असं तुम्हीच लिहिलंय. मला वाटतं काय सहन होतं आणि काय नाही हे त्यांना आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते, कारण मी हे पुस्तकातून बोलत नाहीये. माझ्या वडिलांचा एका तालुक्याच्या गावी छापखाना होता, ट्रेडल मशीन, खिळे जुळवून छपाई, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे अहवाल. ऑफसेट आणि मग कॉम्प्युटर आल्यावर काम संपत गेलं. भाऊ आणि मी दोघांनी मिळून आईपासून कर्ज लपवलं, दोन वर्षं, तिला बीपी होतं म्हणून. शेवटी सांगायला बसलो तर ती म्हणाली मला माहितीये, दिवाळीला कागदवाल्याकडून कॅलेंडर यायचं बंद झालं तेव्हाच कळलं होतं. दोन वर्षं तिला माहीत होतं आणि दोन वर्षं ती आमच्यासमोर काही माहीत नसल्यासारखी वागत होती, आम्हाला बरं वाटावं म्हणून. म्हणजे त्या घरात तिघं जण एकमेकांना जपत होते आणि तिघंही एकटे होते. तुमच्या सासूबाईंनी जाहिराती कमी झाल्यात हे ऐकलं नसेल असं वाटतं तुम्हाला? त्या तर रोज स्टेशन ऐकतात.

आणि दुसरी चूक वडिलांनी केली. त्यांनी बंद केलं असं कोणाला सांगितलंच नाही, दाराला कुलूप लावलं आणि पाटी लावली, दुरुस्तीसाठी बंद. लोक पुढचं दीड वर्ष पत्रिकेचा मजकूर घेऊन घरी यायचे आणि वडील आतल्या खोलीत जाऊन बसायचे. खिळे शेवटी भंगारवाल्याला किलोवर गेले, देवनागरीचे जोडाक्षरांचे सगळे खण, एक पण आम्ही ठेवला नाही. मला आजही त्या पाटीचा त्रास होतो, बंद पडल्याचा तेवढा नाही.

तर सांगायचं कसं. माझं मत असं की हे तुम्ही एकटीने सांगू नका, आणि तुमच्या नवऱ्याने तोंड उघडायचं. हिशोब तुम्ही मांडा पण पहिलं वाक्य त्याचं हवं, त्याच्या आईला, त्याच्या भाषेत. तो गप्प आहे कारण तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलताय, तुम्ही थांबलात तर त्याला बोलावं लागेल. त्याला दिवस ठरवून द्या, या रविवारी नाही तर पुढच्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात फक्त चार आकडे लिहा, दरमहा येतात किती, जातात किती, आत्तापर्यंत दोघांच्या रिटायरमेंटमधून गेले किती, आणि असंच चाललं तर किती महिने उरलेत. चेकचं पण त्याच दिवशी सांगा, नंतरसाठी ठेवू नका, आणि त्यात "तुमच्यासाठी केलं" हे म्हणू नका, नुसतं "आम्ही सांगायला हवं होतं" एवढंच. मग गप्प बसा. त्या रडतील, चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. ते होऊ द्या.

नणंदेला तेच चार आकडे त्याच दिवशी पाठवा, एक दिवस पण उशिरा नको, नाहीतर आईला आधी फितवलं असं होतं. आणि तिला एक साधा प्रश्न विचारा, टोमणा म्हणून नाही, खरंच विचारा, की स्टेशन चालू राहावं असं तुला वाटत असेल तर तुझ्या एक तृतीयांश हिश्श्याची तूट पुढच्या वर्षभर तू भरशील का, आणि शनिवार-रविवार कोण करेल. तिचं म्हणणं चुकीचं नाहीये, तिला वडील गेल्याचं दुःख आहे आणि ती ते स्टेशनवर टाकतेय, लांब राहणाऱ्या मुलांचं असं होतं, पुण्या-मुंबईत राहून गावचं घर विकायला विरोध करणारे किती जण तुम्ही बघितलेत. कदाचित ती हो म्हणेल, मग सगळं गणितच बदलेल. नाही म्हणाली तर निदान नाही म्हटल्याचं तिला स्वतःला कळेल.

आता पर्याय. तुम्ही तीन लिहिलेत, विकणं, बंद करणं, ओढणं, पण मला वाटतं यात एक गृहीत आहे की स्टेशन ही एकच वस्तू आहे. ती नाहीये. लायसन्स एक गोष्ट, जमीन आणि टॉवर दुसरी, खोलीभर टेप आणि कागद तिसरी, आणि रोज सकाळी गावासाठी जे काही केलं जातं ते चौथी. प्रत्येकाचं वेगळं होऊ शकतं.

धार्मिक नेटवर्कला लायसन्स दिलं तर तुमच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज चालू राहील, पण तो सॅटेलाइटवरून येणारा असेल, त्यात निधनवार्ता नसतील, शाळेला बर्फामुळे सुट्टी हे नसेल. ते वाईटच असं मी म्हणत नाही, गावातल्या बऱ्याच लोकांना ते आवडेल पण. फक्त "विकलं तर स्टेशन वाचेल" या समजुतीने विकू नका, पैसे हवेत म्हणून विकत असाल तर तसं म्हणा. आणि लायसन्स असं हातात देता येत नाही, एफसीसीची, म्हणजे रेडिओ लायसन्स देणाऱ्या तिकडच्या सरकारी आयोगाची, परवानगी लागते, त्याआधी लोकांना हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात, तेव्हा काही महिने धरून चाला. एक बघून घ्या, एफसीसीची वार्षिक फी थकलेली आहे का, थकबाकी असेल तर अर्ज पुढेच जात नाही, आणि सहा वर्षं तोट्यात असलेल्या घरात ही फी राहून गेलेली असू शकते.

जमीन विकली तर एएम संपलं असं समजा, कारण एएममध्ये टॉवर हीच अँटेना असते आणि त्याच्या खाली चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, सर्वसाधारणपणे १२०, प्रत्येकी साधारण पाव तरंगलांबीची, म्हणजे १००० किलोहर्ट्झला ७५ मीटर. म्हणून तर एवढी एकरांनी जागा लागते आणि म्हणूनच ती गोदामवाल्याला आवडलीय. दुसऱ्या स्टेशनच्या टॉवरवर भाड्याने जाता येतं पण त्याचा इंजिनीअरिंगचा खर्च तुमच्या परिस्थितीत निघणार नाही. तुमचा तो छोटा एफएम ट्रान्सलेटर आहे त्याच्या भरवशावर पण राहू नका, तो फक्त एएमवरचं पुन्हा प्रक्षेपित करायला दिलेला असतो, आई बंद झाली की पोर पण बंद. आणि टॉवर उभा असेपर्यंत त्याचे दिवे चालू ठेवायची जबाबदारी मालकाची असते, स्टेशन बंद झालं तरी, हे करारात लिहून घ्या की पाडणार कोण आणि कधी.

अजून एक वाट आहे जी तुमच्या पत्रात नाही. लायसन्स एखाद्या ना-नफा संस्थेला, गावच्या कॉलेजला किंवा शाळेच्या डिस्ट्रिक्टला दान देता येतं, टॅक्समध्ये काही सवलत मिळू शकते (हे तुमच्या अकाउंटंटला विचारा, मला नाही), आणि अशा संस्थांना ती वार्षिक फी पण लागत नाही. तुमचा नवरा शाळेत आहे, त्याने एकदा विचारायला काय हरकत आहे. पण वीज, इंजिनीअर, टॉवर हा खर्च त्यांच्या डोक्यावर येईल हे त्यांना आधीच सांगा, प्रेमाने दिलेली तुटीची वस्तू ही भेट नसते. कोणी म्हणेल लो पॉवर एफएम काढा, १०० वॅटचं, पाच-सहा किलोमीटरपर्यंत ऐकू येईल असं. ते फक्त ना-नफा संस्थांना मिळतं आणि अर्ज एफसीसी खिडकी उघडेल तेव्हाच करता येतो, मागची २०२३ च्या डिसेंबरात उघडली होती आणि त्याआधीची २०१३ मध्ये. त्यावर सासूबाईंची सकाळ टांगून ठेवू नका.

ओढत राहण्याबद्दल मला इतकंच म्हणायचंय. ओढण्याचा शेवट पण बंदच असतो, फक्त तेव्हा तारीख तुम्ही ठरवत नाही, ट्रान्समीटर ठरवतो किंवा वीज कंपनी ठरवते. एखाद्या गुरुवारी सकाळी काहीतरी जळेल, दुरुस्तीला पैसे नसतील आणि स्टेशन गप्प होईल. मग १० दिवसांत एफसीसीला कळवा, ३० दिवसांच्या वर गेलं तर परवानगी मागा, आणि सलग १२ महिने गप्प राहिलं की लायसन्स आपोआप संपतं, विकायला पण काही उरत नाही. तुमच्या गावाला मग तीच पाटी दिसेल, दुरुस्तीसाठी बंद.

तर माझं मत विचाराल तर, सासूबाईंनी आकडे बघून काही वेगळं ठरवलं नाही तर, तारीख जाहीर करून बंद करा. तीन महिने आधी सांगा, स्टेशनवरच सांगा, आणि सांगताना घरातले सगळे एकत्र माइकसमोर बसा म्हणजे "सुनेने बंद केलं" ही गोष्टच तयार होणार नाही. बंद होणं म्हणजे नापास होणं असं धरू नका. आपल्याकडचं पहिलं नियमित रेडिओ स्टेशन पण खासगी कंपनीचंच होतं, २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झालं आणि १९३० मध्ये ती कंपनी दिवाळ्यात गेली, तीन वर्षं पण टिकली नाही. तरी ऐकणाऱ्यांची सवय इतकी झाली होती की सरकारला ते हातात घ्यावं लागलं, त्यातूनच पुढे आकाशवाणी झाली, ज्याच्यावर तुम्ही आणि मी दोघी वाढलो, तुम्ही सांगली केंद्रावर आणि मी पुण्याच्या. तुमचं ७० वर्षांच्या आसपास चाललं, तेही जाहिरातींवर, सरकारी पगाराशिवाय.

त्या तीन महिन्यांत करायचं खरं काम वेगळंच आहे. कागद घ्या आणि लिहा की दिवसभरात स्टेशन गावासाठी काय काय करतं. निधनवार्ता. मक्याचे भाव. शुक्रवारची मॅच. शाळेची सुट्टी. फोनवरून जुनं सामान विकायचा तो तास. वादळाचा इशारा. प्रत्येकापुढे लिहा की हे उद्यापासून कुठे जाईल, आणि ज्याच्या पुढे काही लिहिता येत नाही त्याची खरी काळजी करा. वादळाचं सगळ्यात आधी बघा, कारण त्यात जीव जातो. अमेरिकेत सरकारी हवामान रेडिओ असतो, दिवस-रात्र चालणारा, त्याचा वेगळा छोटा रिसीव्हर मिळतो जो इशारा आला की आपोआप वाजतो. तुमच्या ऐकणाऱ्यांत जे एकटे राहणारे म्हातारे आहेत, ज्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत, त्यांच्या घरी तो आहे का बघा, नसेल तर चर्चकडून, फायर स्टेशनकडून, उरलेल्या जाहिरातदारांकडून करून घ्या. मॅच ऑनलाइन जाऊ शकते, नुसती कॉमेंट्री असेल तर गाण्यांच्या रॉयल्टीची भानगड पण नाही. आणि निधनवार्तांसाठी मला एक सुचतं, सासूबाईंनी रोज सकाळी त्या घरून फोनवर रेकॉर्ड करायच्या, एक नंबर ठेवायचा, ज्याला ऐकायचंय तो फोन लावेल. इंटरनेट न वापरणाऱ्यांनाही फोन लावता येतो. ती पाच मिनिटं त्यांच्या हातात राहिली तर त्यांची सकाळ राहील. पण हे त्यांना विचारून, कदाचित त्या म्हणतील पुरे झालं आता, मला झोपू दे, आणि तसं म्हणाल्या तर तेही ऐका.

स्टेशनवर जो सकाळचा माणूस आहे आणि जो इंजिनीअर अधूनमधून येतो त्यांना गावाच्या आधी सांगा. ज्यांनी वर्षभराच्या जाहिरातीचे पैसे आधी दिलेत त्यांचे उरलेले परत करा, थोडे असले तरी. गाण्यांच्या हक्कांचे जे करार आहेत ते लेखी पत्राने संपवा, नाहीतर बिलं येत राहतात.

आता टेप. तुम्ही लिहिलंय की तळघरात "काहीतरी तीनशे रिळं" आहेत आणि गोदामवाले म्हणतात आम्ही साफ करून घेऊ. नको. मी हात जोडून सांगते, नको. गाण्यांच्या रेकॉर्ड गेल्या तरी चालतील, त्या जगात इतर कुठेतरी आहेत. पण १९६३ सालच्या कुठल्यातरी मॅचची कॉमेंट्री, दुष्काळाच्या वर्षी बोलणारा शेतकरी, तुमच्या आजेसासऱ्यांचा आवाज, हे फक्त त्या तळघरात आहे. आणि लगेच मशीनवर लावून बघू पण नका, १९७०-८० च्या दशकातल्या पुष्कळ टेपांचा थर चिकट होतो आणि लावला की सुटून येतो. आधी खोक्यांवरची अक्षरं वाचून यादी करा, उभ्या ठेवा, कोरड्या खोलीत आणा, आणि राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या लायब्ररीला फोन करा. २०१४ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या रेडिओसाठी खास एक गट बनवलाय, तिथले अभ्यासक अशाच छोट्या स्टेशनांच्या टेप शोधत असतात. कार्यक्रमांच्या नोंदवह्या, जाहिरातींचे हस्तलिखित कागद, हे पण द्या. आणि ती आडनावांची वही, देवनागरी उच्चारांसकट, तिचे फोटो काढून द्या, मूळ वही तुमच्याकडे ठेवा.

हे वाचणारे बाकीचे पण आहेत ज्यांच्या घरी रेडिओ स्टेशन नाही, आपल्याकडे ते असणं शक्यच नव्हतं, स्वातंत्र्यानंतर २००१ पर्यंत स्टेशन म्हणजे सरकारचंच, आणि आजही कम्युनिटी रेडिओचं लायसन्स व्यक्तीला मिळत नाही, संस्थेलाच मिळतं, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी तशी आहे. पण वडिलांचा फोटो स्टुडिओ बंद करणारे, तालुक्याचं साप्ताहिक बंद करणारे, आजोबांची टॉकीज पाडायला निघालेले मला दर महिन्याला लिहितात. त्यांना मी हेच सांगेन की निगेटिव्हची खोकी, अंकांच्या फाइली, तिकिटांची रजिस्टरं आधी बाहेर काढा, मग बिल्डरला किल्ली द्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात शेवटी सांगू नका.

ताई, शेवटच्या दिवसाचं एक. तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळात ते स्टेशन फक्त दिवसा चालायचं, सूर्य मावळल्यावर एएमच्या लहरी वरच्या हवेच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब जातात आणि दुसऱ्यांच्या स्टेशनांत घुसतात म्हणून संध्याकाळी बंद करावंच लागायचं, रोज, सूर्यास्ताच्या वेळेला. म्हणजे संध्याकाळी बंद करणं हे त्या स्टेशनला नवीन नाही. तेव्हा मध्यरात्री गुपचूप नको, सूर्यास्तालाच करा, सासूबाईंना बटण दाबायचं असेल तर त्यांना दाबू द्या. त्या दिवशी तुम्ही दिवाळीला करायचात तो अर्धा तास पण करा, पणत्यांबद्दल सांगा, एक मराठी गाणं लावा, गावाला ते ऐकायची सवय आहे.

आणि रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मशीनवरून एक करा, पण दुसरं घरी स्वयंपाकघरात साधा रेडिओ लावून त्याच्यासमोर फोन ठेवून करा, खरखरीसकट, भांड्यांच्या आवाजासकट. गावाने ते तसंच ऐकलंय.